बोटीच्या ट्रेलरला पाटे घालू की टॉर्शन?

पत्राचा सारांश: मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुक भागात राहणाऱ्या एका वाचकांनी पाच मीटरची ॲल्युमिनियमची जुनी बोट घेतली आहे. तिचा ट्रेलर इतका गंजला आहे की नवाच बनवून घ्यायचं ठरलंय. बनवणारा विचारतोय, खाली लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे, घालू की टॉर्शन ॲक्सल, म्हणजे रबराच्या जोरावर चालणारा? टॉर्शनला सुमारे हजार डॉलर जास्त पडतात. ऑफिसातला एक जुना बोटवाला मित्र म्हणतो, टॉर्शनच घे, रस्त्यावर आवाज नाही की हादरा नाही. कोल्हापूरला मोठ्या मेव्हण्यांचं ट्रकच्या पाट्यांचं गॅरेज आहे. ते फोनवर म्हणाले, "पाट्यांशिवाय दुसरं काही घातलंस तर मला फोटो पाठवू नकोस." नेहमीचं जाणं वेरिबी साउथच्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, घरापासून अर्ध्या तासाच्या आत, आणि नाताळच्या सुट्टीत एकदा लांबच्या लेक्स एन्ट्रन्सला. वाचक लिहितात: "मला इतकंच हवंय की पैसे एकदाच घालावेत, बोटीला धक्के बसू नयेत आणि पुढची पंधरा वर्षं ट्रेलरखाली वाकून बघायला लागू नये. शिवाय ऑक्टोबरात स्नॅपर मासे सुरू व्हायच्या आत ट्रेलर दारात हवा. कोणाचं ऐकू?"

नमस्कार.

कोणाचं ऐकायचं ते नंतर बघू. "पंधरा वर्षं वाकून बघायला लागू नये" हे तुमचं वाक्य मला आधी धरावंसं वाटतं, कारण तुमच्या दोन्ही सल्लागारांपेक्षा तेच तुम्हाला जास्त खड्ड्यात घालेल. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरला असं सस्पेन्शन कुठल्याच कंपनीकडे नाही. हजार डॉलर जास्त देऊन तुम्ही दुसऱ्या प्रकारचं सस्पेन्शन घ्याल, पण निश्चिंती त्यात येत नाही.

ट्रेलरच्या वाट्याला काय येतं ते जरा बघा. तुमची गाडी कधी ॲक्सलपर्यंत समुद्रात उभी राहत नाही. ट्रेलर प्रत्येक फेरीत दोनदा राहतो, बोट सोडताना एकदा आणि घेताना एकदा. मग घरी येऊन तो दोन-तीन आठवडे ड्राइव्हवेत उभा असतो आणि मीठ जिथं साचलंय तिथंच सुकतं, पुन्हा दमट हवा ओढून घेतं. म्हणजे तो चालून कमी झिजतो आणि उभा राहून जास्त खराब होतो. मेव्हण्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यांच्याकडे येणारा ट्रक रोज चालतो, ऊस नाहीतर विटा वाहतो, आणि त्याचे पाटे भाराने तुटतात. तुमचे पाटे भाराने तुटण्याची शक्यता कमीच. ते आतल्या गंजाने जातील. मित्रालाही एक प्रश्न विचारा: त्याची बोट नेहमी कुठल्या पाण्यात उतरते? लेक आयल्डनवर जाणारा माणूस टॉर्शनची कितीही तारीफ करू दे, ते गोडं पाणी आहे. पोर्ट फिलिप बेचं, म्हणजे तुमच्या मेलबर्नच्या उपसागराचं, मीठ तिथं नाही.

आता धक्क्यांचं. धक्के नेमके कोणाला बसू नयेत असं तुम्हाला वाटतंय? ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही. बोटीला धक्के बसतात हे खरं, ॲल्युमिनियमच्या वेल्डला भेगा जातात हेही खरं, पण त्या भेगांचं कारण बहुतेक वेळा स्प्रिंगच्या वर असतं. बोटीचा मागचा भाग, जिथं इंजिनाचं सगळं वजन लटकतं, तो ट्रेलरच्या शेवटच्या आधाराच्या बाहेर आलेला असतो. किंवा कीलखालचे, म्हणजे बोटीच्या तळाच्या मधल्या कण्याखालचे, रोलर नीट टेकत नाहीत आणि सगळा भार दोनच ठिकाणी येतो. किंवा मागचे पट्टे सैल असतात, म्हणजे ट्रेलर एकदा उडतो आणि बोट ट्रेलरवर पुन्हा वेगळी आपटते. यातलं काहीही असेल तर खाली रबर असो की लोखंड, बोटीला फरक पडत नाही. तेव्हा बनवणाऱ्याला सांगा, बोट प्रत्यक्ष त्याच्याकडे नेऊन रोलर आणि स्किड (बोट टेकते त्या पट्ट्या) तिच्यावर बसवून घ्यायचे, आणि मागचा आधार ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन लटकतं त्या मागच्या भिंतीच्या, थेट खाली आला पाहिजे. हजारातले दोनशे डॉलर इथं घातलेत तर ते सत्कारणी लागतील.

टायरसुद्धा स्प्रिंगच असतो. त्यात हवा किती हवी ते टायर आणि भार बघून ठरतं. "ट्रेलरला जास्तच भर" म्हणून ठोकून भरलेल्या टायरवर उत्तम टॉर्शनही हादरे देतं.

दोन्ही प्रकार कसे चालतात हे मेव्हण्यांना सांगायची गरज नाही, पण तुम्हाला आणि इतर वाचकांना थोडक्यात सांगतो. पाट्यांमध्ये पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून मधल्या बोल्टने जखडलेल्या असतात आणि यू-बोल्टने ॲक्सलला धरलेल्या असतात. भार आला की त्या सरळ होतात, एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यानेच उसळी मरते. म्हणून साध्या ट्रेलरला शॉक ॲब्सॉर्बर बसवत नाहीत. टॉर्शनमध्ये चौकोनी नळीच्या आत दुसरा दांडा कोन करून बसवलेला असतो आणि मधल्या कोपऱ्यांत रबराच्या जाड दोऱ्या कोंबलेल्या असतात. चाक वर उचललं की दांडा फिरतो, रबर चेपलं जातं. लोखंड लोखंडावर घासत नाही, म्हणून आवाज नाही. दोन्ही बाजूंची चाकं आपापली हलतात, एका खड्ड्याने दुसरं चाक तिरपं होत नाही. ट्रेलर थोडा खाली बसतो, त्यामुळे उथळ रॅम्पवर बोट लवकर तरंगते. तुमचा मित्र ज्या गोष्टींची स्तुती करतो त्या सगळ्या खऱ्या आहेत.

माझा प्रश्न वेगळा आहे: बिघडताना ते दिसतं का?

पाटे बिघडताना दिसतात. पट्ट्यांच्या मधे गंज फुगतो आणि त्या एकमेकींपासून उचलल्या जातात. कमान सपाट होते, एक बाजू बसते. पट्टी तुटली तर नुसत्या डोळ्यांनी कळतं. पुढच्या बुशचं, म्हणजे पाट्याच्या टोकात बसवलेल्या नळकांडीचं, भोक लांबट झालं की चाक धरून हलवल्यावर खटखट ऐकू येते. आणि हे झालं तरी काय लागतं? दोन पाटे, चार यू-बोल्ट, बुश, एक शनिवार. ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात ते मिळतात, लेक्स एन्ट्रन्सच्या वाटेवरच्या गावांतही.

टॉर्शन बिघडतं नळीच्या आत. बाहेरून गॅल्व्हनाइज्ड नळी चकचकीत असते आणि आत रबर आणि लोखंडाच्या फटीत खारं पाणी बसलेलं असतं. गंज फुगला की रबरावर दाब येतो, दांडा अडकतो किंवा उलट रबर सैल पडतं. सुटे भाग घालून ते घरी दुरुस्त होत नाही, अख्खा ॲक्सल बदलावा लागतो, आणि तो तुमच्या मापाचा त्या दिवशी त्या गावात मिळेलच असं नाही. जास्त भाराने रबर एकदा चेपून बसलं की पुन्हा उठत नाही. त्याची देखभाल करावी लागत नाही असं सांगतात, कारण करण्यासारखं त्यात फारसं काही ठेवलेलंच नाही.

म्हणून खाऱ्या पाण्याच्या, महिन्यातून एक-दोनदा चालणाऱ्या, एका ॲक्सलच्या ट्रेलरला माझं मत पाट्यांना. गरम जस्तात बुडवलेले, म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, आणि मागच्या बाजूला स्लिपर पद्धतीचे. स्लिपरमध्ये मागचं टोक नुसतं खोबणीत सरकतं, तिथं शॅकल, म्हणजे झुलती कडी, नाही, बुश नाही, झिजायला एक जागा कमी. रिकामा ट्रेलर नेताना ते खडखडतात, इतके की शेजारी खिडकीतून बघतात. बोट चढली की गप्प.

पण या सगळ्याच्या आधी तुम्ही एक आकडा काढायला हवा होता आणि तो पत्रात नाही: वजन. बोटीच्या माहितीपत्रकात असतं ते बहुधा कोरड्या, रिकाम्या हलचं, म्हणजे इंजिनाशिवायच्या नुसत्या बोटीचं. तुमच्यासारख्या बोटीचा अंदाज मांडून बघू. हल साधारण ४८० किलो. ९० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन १६५ च्या आसपास. टाकीत ९० लिटर पेट्रोल असेल तर ते ६५ किलोच्या वर जातं, कारण लिटरला पाऊण किलोच्या जरा खाली पडतं. दोन बॅटऱ्या ४५. नांगर, साखळी, बर्फाने भरलेला एस्की, म्हणजे शीतपेटी, गळ, लाइफ जॅकेटं मिळून १०० धरा. ट्रेलर स्वतः ३८०. बेरीज साडेबाराशे किलोच्या जवळ जाते. घरी अंदाज करत बसू नका, सगळं भरून एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन या. सध्याचा ट्रेलर तिथवरही जाण्याच्या लायकीचा नसेल तर बनवणाऱ्याकडून बोटीचं वजन वेगळं करून घ्या.

या आकड्यावर दोन गोष्टी ठरतात. एक, ब्रेक. ऑस्ट्रेलियात गाडीला जोडलेल्या ट्रेलरच्या चाकांवर येणारा कमाल भार, ज्याला इथं जीटीएम म्हणतात, ७५० किलोपर्यंत असेल तर ब्रेक सक्तीचे नाहीत. त्यापुढे २,००० किलोपर्यंत एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत आणि साधे ओव्हरराइड ब्रेक, म्हणजे गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलला जातो त्याच दाबाने लागणारे, चालतात. २,००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी ब्रेकअवे व्यवस्था. तुम्ही मधल्या गटात आहात. दुसरी गोष्ट, स्प्रिंगची क्षमता. इथं आपल्याकडची "असू दे जरा जास्त" ही सवय नडते. साडेबाराशे किलोला अडीच टनाचे पाटे घातलेत तर ते वाकणारच नाहीत आणि ट्रेलर दगडासारखा उडत जाईल. टॉर्शनचंही तेच, तिथं तर ताठ रबर आणखी ताठ वाटतं. भरल्या वजनावर वीसेक टक्के धरा, म्हणजे तुमच्यासाठी दीड टनाच्या आसपास, त्यापुढे नको. ट्रेलरच्या प्लेटवर छापलेलं एकूण वजन तुमच्या गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेत बसतं का ते गाडीच्या पुस्तकात आधी बघा.

हायवेला ट्रेलर डोलतो ही तक्रार तुमच्या पत्रात नाही, पण इतर बऱ्याच पत्रांत असते म्हणून जाता जाता सांगतो. डोलणं सस्पेन्शन बदलून जात नाही. टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर जोडतात त्यावर, भार कमी पडला की ते सुरू होतं. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या जवळपास भार पुढे हवा. विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरकाचा, खांब थोडा पुढे-मागे केला की बोट सरकते आणि हिशोब जुळतो.

दोन ॲक्सल घ्यावेत का, असंही काही वाचक विचारतात. पाच मीटरच्या बोटीला नको. चार टायर, चार हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग), आणि ड्राइव्हवेत हाताने वळवायला दोन ॲक्सलचा ट्रेलर म्हणजे शिक्षा. साडेसहा-सात मीटरची जड बोट असेल तर दोन घ्या, आणि तिथं रॉकर, म्हणजे पुढचे-मागचे पाटे जोडणारा झुलता तुकडा, असलेले पाटे घ्या, म्हणजे एका चाकाखाली उंचवटा आला की भार दोन्ही ॲक्सलवर वाटला जातो. दोन टॉर्शन ॲक्सल एकमेकांशी असे बोलत नाहीत. ट्रेलर पुढून जरा जरी उंच जोडला गेला, तर मागचा ॲक्सल सगळा भार उचलत राहतो.

टॉर्शन कोणाला शोभतं हेही सांगायला हवं, नाहीतर तुमचा मित्र म्हणेल मी मेव्हण्यांचा माणूस. गोड्या पाण्यात जाणारे, रॅम्प उथळ असलेले, बोट हलकी आणि वजन दरवेळी तेवढंच असलेले, त्यांनी जरूर घ्यावं. फक्त ॲक्सल फ्रेमला बोल्टने बसवलेला असावा. वेल्ड करणारा भेटला तर दुसरा शोधा, वेल्डच्या उष्णतेने आतलं रबर जातं. आणि पहिल्या दिवशी, बोट भरलेली असताना, सपाट जमिनीपासून फ्रेमपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. पुढे दरवर्षी तीच मापं घ्या. एक बाजू खाली येऊ लागली की समजा, आत बिघडतंय. त्याचा सुगावा बाहेरून लागण्याचा एवढाच मार्ग आहे.

आता खरी मेख. प्रिन्सेस हायवेच्या कडेला एका चाकावर झुकलेले बोटीचे ट्रेलर दिसतात, त्यातले पुष्कळसे पाटे तुटून किंवा टॉर्शन बसून थांबलेले नसतात. बेअरिंग जळालेलं असतं. लांबून आल्यावर हब गरम असतो. तो तसाच थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं, गरम डबा झाकण लावून गार केला की झाकण आत खेचलं जातं तसं. ते पाणी ग्रीसमध्ये मिसळून दुधाळ होतं, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बेअरिंगला गंज लागतो आणि नाताळच्या प्रवासात ते धरतं. म्हणून रॅम्पवर पोचल्यावर हबला हात लावा. गरम असेल तर आधी बोटीचे पट्टे सोडा, बोटीच्या तळाचं बुच लावलंय का बघा, मागच्या दिव्यांची वायर काढा, पोरांना जॅकेटं चढवा. तेवढ्यात हब निवतो. मरीन सील आणि आतल्या छोट्या स्प्रिंगने ग्रीस दाबून ठेवणाऱ्या हबच्या टोप्या बसवून घ्या, आणि वर्षातून एकदा हब उघडून बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा. लांबच्या प्रवासात एक भरलेला सुटा हब सोबत असू द्या. इथं दुकानात गेल्यावर "होल्डन की फोर्ड?" असं विचारतील, गोंधळू नका. होल्डनने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं २०१७ मध्ये थांबवलं, फोर्डने त्याच्या आदल्या वर्षी, पण ट्रेलरच्या बेअरिंगांच्या दोन मापांना अजून तीच नावं चालतात. बनवणाऱ्याकडून तुमचं माप आजच लिहून घ्या.

पाट्यांची निगा यापेक्षा सोपी आहे. घरी आल्यावर, संध्याकाळी कितीही कंटाळा आला असला तरी, गोड्या पाण्याची नळी पट्ट्यांच्या मधे, खोबणीत आणि ब्रेकवर धरा. नुसतं वरून शिंपडून उपयोग नाही. सुकल्यावर पाट्यांना लॅनोलिनचा फवारा मारा. मेंढीच्या लोकरीतून निघणारी ती चरबी आहे, इथले बोटवाले सर्रास वापरतात. ब्रेकच्या डिस्कवर तेवढी उडू देऊ नका. नवे यू-बोल्ट पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळून घ्या, ते थोडे सैल होतातच. म्हणजे वाकावं लागणारच, पण दहा मिनिटं, आणि टॉर्च घेऊन.

रत्नागिरी, मालवण किंवा पवना धरणाच्या बाजूला छोटी फायबरची बोट ठेवणारे आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर करून घेणारे वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक सूचना. टेम्पोचे किंवा पिकअपचे जुने पाटे सहज मिळतात म्हणून तसेच लावू नका. ते टनभर मालासाठी आहेत. तीनचारशे किलोच्या बोटीखाली ते ढिम्म हलणार नाहीत. पाटेवाल्याला भरलेलं वजन सांगा आणि पट्ट्या कमी करून घ्या. किती आणि कुठल्या काढायच्या ते त्याला कळतं. पिकअपला शॉक ॲब्सॉर्बरही असतात, ते मात्र सोडून द्या, खाऱ्या पाण्यात त्यांचं काही खरं नाही.

मेव्हण्यांना फोटो पाठवा. पण त्याआधी एक काम त्यांनाच सांगा: बनवणारा जे पाटे घालणार आहे त्यांची लांबी, पट्ट्यांची संख्या, रुंदी आणि जाडी त्यांना कळवा आणि दीड टनाला हे पुरे का, असं विचारा. जन्मभर पाटे मारलेल्या माणसाला मत विचारण्यापेक्षा हिशोब विचारलेला जास्त आवडतो. मित्राला काही समजवायला जाऊ नका, त्याच्या पाण्याला त्याचं टॉर्शन बरोबर असेल.

राहिला स्नॅपर. ट्रेलरवाले ऑक्टोबरच्या तोंडावर गळ्यापर्यंत कामात असतात, आणि घाई केली की फ्रेम जस्तात बुडवून झाल्यावर तिच्यावर भोकं पाडणं आणि वेल्ड मारणं सुरू होतं. तिथूनच गंज आत शिरतो. सगळं वेल्डिंग, सगळी भोकं आधी आणि जस्त शेवटी, हे ऑर्डरवर लिहून घ्या, मग तारीख दोन-तीन आठवडे पुढे गेली तरी जाऊ द्या. स्नॅपर डिसेंबरपर्यंत मिळतो, आणि तोही हुकला तर बेमध्ये फ्लॅटहेड मासा बारा महिने आहे.